एथ्निक स्टडीजच्या वर्गात ग्रंथपाल हवा, तोही सेमिस्टरभर

फिलाडेल्फियात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेलं एक छायाचित्र बहुतेक मराठी माणसांच्या पाहण्यात आलेलं असतं. साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या केई ओकामी आणि दमास्कसहून आलेल्या सबात इस्लांबूली. महिला दिन आला की हे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरू लागतं आणि खाली मजकूर असतो की या तिघी आपापल्या देशातल्या पहिल्या परवानाधारक महिला डॉक्टर. छायाचित्र अस्सल आहे, मजकूर नाही. त्या दिवशी तिघींपैकी कुणीच डॉक्टर झालेलं नव्हतं. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लांबूलींना १८९० मध्ये. जपानमध्ये पाश्चात्त्य वैद्यकाचा सरकारी परवाना मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रीचं नाव ओगिनो गिन्को. आनंदीबाई तर परतल्या त्या आजार घेऊनच. कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्या गेल्या.

इथपर्यंत 'पुढे पाठवण्याआधी तपासा' हा नेहमीचा धडा आहे. पण मूळ छायाचित्राखालचा छापील मजकूर वाचला की प्रश्न अवघड होतो. तिथेच तिघींच्या नावांमागे 'डॉ.' लावलेलं आहे. आनंदीबाईंचं 'आनंदाबाई' झालंय, सेरामपूरचं 'सेरानिसोर' आणि सबातचं 'तबात'. म्हणजे चूक समाजमाध्यमांनी जन्माला घातलेली नाही. ती खुद्द संग्रहातल्या कागदावर छापलेली होती, आणि कागद जुना, संस्था नामवंत, म्हणून कुणी शंका घेतली नाही. आनंदीबाईंचं नाव नीट कळायला काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं मराठी चरित्र उघडावं लागतं, आणि ते उघडायचं तर मराठी यावं लागतं. एका छायाचित्रात इतकं सगळं आहे: कुणी कुणाची नोंद केली, कोणत्या कानांनी नाव ऐकलं, कोणती भाषा ग्राह्य धरली, आणि आज त्यातलं काय खरं मानायचं.

अमेरिकन विद्यापीठांतल्या एथ्निक स्टडीज, म्हणजे मूलनिवासी, कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो अशा समाजांचा अभ्यास, या विषयाचं सारं बळ याच प्रश्नांत आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि म्हणूनच माहिती शोधणं, तिचा उगम तपासणं, ती कुणी कशासाठी लिहून ठेवली हे ओळखणं, या सगळ्याला आपण माहिती साक्षरता म्हणतो ती, या विषयाच्या अभ्यासक्रमात एखाद्या पाहुण्या तासापुरती उरता कामा नये. ती परीक्षेच्या गुणांसकट अभ्यासक्रमात विणली गेली पाहिजे. शिवाय ती दुसऱ्यांच्या दाव्यांना लावायची तितक्याच कठोरपणे आपल्या बाजूच्या दाव्यांनाही लावली पाहिजे. हा दुसरा भाग अनेकांना रुचत नाही, त्याकडे पुढे येतोच.

या विषयाचा जन्म संपातून झाला. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना आणि इतर वंशांच्या विद्यार्थ्यांची थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट ही आघाडी यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. तो मार्च १९६९ पर्यंत चालला. पोलिसांचा लाठीमार झाला, शेकडो विद्यार्थी पकडले गेले, आणि शेवटी एथ्निक स्टडीजचा स्वतंत्र विभाग मान्य झाला. मागणी साधी होती: आमचा इतिहास आमच्या बाजूनेही शिकवा. पुढे अर्धशतकानंतर, ऑगस्ट २०२० मध्ये, कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या तेव्हाच्या २३ कॅम्पसमधल्या प्रत्येक पदवीपूर्व विद्यार्थ्याला एथ्निक स्टडीजचा तीन युनिटांचा, म्हणजे तीन श्रेयांकांचा, कोर्स सक्तीचा झाला. विधेयक मांडणाऱ्या शर्ली वेबर यांनी स्वतः सॅन डिएगो स्टेटमध्ये अनेक दशकं आफ्रिकाना स्टडीज शिकवलेलं होतं. आज बे एरियात वाढलेली मराठी घरातली मुलंही हा कोर्स घेतात. मूलनिवासी, आफ्रिकन अमेरिकन, आशियाई अमेरिकन किंवा लॅटिनो समाज, यांपैकी एकाचा तरी अभ्यास केल्याशिवाय त्यांना पदवी नाही.

सक्ती झाली की धोका सुरू होतो. कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी तीन युनिटं उरकायला येतो. विभागाला अचानक शेकडो जागांचे वर्ग भरवायचे असतात. अशा वेळी ग्रंथालयाशी संबंध बहुधा एका तासापुरता येतो: सेमिस्टरच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात ग्रंथपाल येतात, डेटाबेसचा पासवर्ड कसा टाकायचा, 'पीअर रिव्ह्यूड' (तज्ज्ञांनी तपासलेलं) वर टिचकी कशी मारायची आणि संदर्भयादी कोणत्या पद्धतीने लिहायची हे पडद्यावर दाखवतात आणि जातात. त्या तासात मुलं शिकतात ती एकच गोष्ट: 'विश्वासार्ह' असा शिक्का असलेलं घ्या, नसलेलं सोडा. आणि ज्यांच्याबद्दल शतकभर विश्वासार्ह शिक्क्याचीच पुस्तकं खोटं सांगत आली, त्यांचा अभ्यास करायला ही मुलं बसलेली असतात!

डोरोथी पोर्टर यांचं उदाहरण पाहा. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून चार दशकांहून अधिक काळ त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा संग्रह उभा केला. ग्रंथपालनाचं शिक्षण त्यांनी कोलंबिया विद्यापीठात घेतलं, बाबासाहेब शिकले त्याच. काम सुरू केलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत कृष्णवर्णीयांसाठी प्रत्यक्षात दोनच आकडे वापरले जातात: ३२५ वसाहतीकरण आणि ३२६ गुलामगिरी. जेम्स वेल्डन जॉन्सन कवी आहेत हे सगळ्यांना ठाऊक, पण ते कृष्णवर्णीय आहेत हेही ठाऊक, म्हणून त्यांच्या कविता कवितेच्या फळीवर न जाता ३२५ खाली जायच्या. पोर्टर यांनी हा क्रम मोडला. कविता कवितेत ठेवली, संगीत संगीतात, इतिहास इतिहासात. यासाठी त्यांना मोर्चा काढावा लागला नाही, पण कित्येक लेखक त्यामुळे वाचकाच्या हाताला लागले.

हा प्रसंग इतिहासजमा झालेला नाही. डार्टमथ कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये तक्रार केली की स्थलांतरितांवरची पुस्तकं शोधताना कॅटलॉग त्यांना 'बेकायदा परके' या शीर्षकाखाली नेतो. ते शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसने ठरवलेलं, म्हणून देशभर तेच. ग्रंथपालांच्या मदतीने त्यांनी रीतसर अर्ज केला. बदल करायचं लायब्ररीने २०१६ मध्ये मान्य केलं, अमेरिकी संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, काही सदस्यांनी ते अडवलं, आणि शेवटी २०२१ च्या नोव्हेंबरात शीर्षक बदललं. शोध घ्यायला बसलेल्या विद्यार्थ्यांनी शोधाचं साधनच तपासलं, हे मला फार मोलाचं वाटतं. एथ्निक स्टडीजच्या पहिल्या गृहपाठात हेच असावं: आपल्या समाजाविषयीची पुस्तकं कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या फळीवर, कोणत्या शेजाऱ्यांसोबत ठेवली आहेत ते पाहून या.

पण या लेखात सगळ्यात जास्त जागा मला द्यायची आहे ती आयको हर्झिग-योशिनागा यांना.

१९४२ मध्ये त्या लॉस एंजेलिसमधल्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होत्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारीच्या हुकुमानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं गेलं. त्यांतले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. आयको मान्झानारच्या छावणीत गेल्या. ओकलंडमध्ये जन्मलेल्या फ्रेड कोरेमात्सू यांनी हुकूम मोडला, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९४४ मध्ये ते हरले. सरकारचं म्हणणं होतं की युद्धाची घाई होती, निष्ठावान कोण आणि शत्रूला सामील कोण हे निवडत बसायला वेळच नव्हता.

१९७८ च्या सुमारास वॉशिंग्टन परिसरात राहायला आल्यावर आयको राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊ लागल्या. पदवी नव्हती, संशोधनाची नेमणूक नव्हती. आधी स्वतःच्या कुटुंबाच्या फायली पाहिल्या, मग एका फाइलीतून दुसरीत जात राहिल्या. हजारो कागदांच्या प्रती काढून त्यांनी घरी स्वतःच्या पद्धतीने लावल्या. पुढे छावण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने त्यांना संशोधक म्हणून घेतलं. या वाचनातून त्यांना कळलं होतं की पश्चिम किनाऱ्यावरून लोकांना हलवणारे लष्करी अधिकारी जनरल जॉन डेविट यांच्या त्या कारवाईवरच्या अंतिम अहवालाची एक आधीची आवृत्ती होती. तिच्या दहाच प्रती छापल्या होत्या आणि युद्धखात्याने हरकत घेतल्यावर त्या गोळा करून जाळल्या होत्या. १९८२ मध्ये एके दिवशी अभिलेखागारातल्या एका कर्मचाऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांना एक बांधीव प्रत दिसली. समासात हाताने खाडाखोड केलेली. ती न जळालेली दहावी प्रत होती.

तिच्यात काय होतं? वेळ नव्हता, असं मूळ अहवाल म्हणतच नव्हता. वेळ कमी पडला हे कारण नाहीच, या लोकांतून निष्ठावान आणि गैरनिष्ठावान वेगळे काढणं मुळातच शक्य नाही, असं त्यात लिहिलं होतं. छाननी करून उपयोग नाही, कारण वंशच संशयित, असा त्याचा सरळ अर्थ. न्यायालयापुढे गेलेल्या आवृत्तीत हे वाक्य बदलून वेळेची सबब घातली गेली होती. हा कागद आणि कायद्याचे अभ्यासक पीटर आयरन्स यांनी न्यायखात्याच्या फायलींतून काढलेले कागद यांच्या जोरावर नोव्हेंबर १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने कोरेमात्सू यांची शिक्षा रद्द केली. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला माफी आणि वीस हजार डॉलर मिळाले.

अन्याय झाला हे त्या समाजाला चाळीस वर्षं ठाऊकच होतं. आठवणी होत्या, वेदना होती, सभा होत्या. सरकारला न्यायालयात गाठलं ते मात्र दोन आवृत्त्या शेजारी ठेवून, कोणतं वाक्य कुठे बदललं हे बोट ठेवून दाखवल्यावर. टेबलावरची ती प्रत हजार लोकांना दिसली असती आणि हजारांनी ती ओलांडली असती. आयकोंनी ओळखली, कारण काय नष्ट केलं गेलं आहे हे त्यांनी आधी वाचून ठेवलं होतं. हे कौशल्य शिकवता येतं. मग ते शिकवायला तीन युनिटांत जागा नाही, असं आपण कसं म्हणू शकतो?

कागदावर अंधविश्वास ठेवा असा याचा अर्थ कुणी काढू नये, म्हणून उलटं उदाहरण. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी होती. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या आणि अनेक चिनी पुरुषांनी आपण इथेच जन्मलो असा दावा केला. नागरिकाची मुलं म्हणून मग चीनमधून तरुण येऊ लागले. त्यांतले पुष्कळ जण कागदावरचे मुलगे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजेल आयलंड या बेटावरच्या तपासणी केंद्रात १९१० ते १९४० अधिकारी त्यांना खोदून विचारायचे: घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, तिसऱ्या घरात कोण राहतं? मुलं बोटीवर उत्तरं घोकून यायची आणि टिपणं समुद्रात फेकायची. या चौकशांच्या फायली आजही जपून ठेवलेल्या आहेत, पानंच्या पानं तपशील, सह्या, फोटो. त्यातलं कुटुंब मात्र कित्येकदा रचलेलं. फाइल अस्सल आणि तिच्यातली माणसं बनावट, आणि बनावटीचं कारण अन्यायी कायदा. 'हा स्रोत विश्वासार्ह आहे का' याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणारा विद्यार्थी या फाइलीपुढे अडकतो. अडकू द्यावं. त्या फाइलीवर दोन आठवडे घालवलेला मुलगा पुढे कुठलाही सरकारी अर्ज वेगळ्या नजरेने वाचेल.

आता न रुचणारा भाग. आणि तो आपल्या घरातला आहे.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख घातला. राज्यभरासाठी तसाच कायदा करू पाहणारं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारलं. या वादात दोन पाहण्या सतत फेकल्या गेल्या. इक्वॅलिटी लॅब्स या दलित हक्क संघटनेच्या २०१८ च्या अहवालातला आकडा: ६७ टक्के दलितांनी कामाच्या ठिकाणी अन्यायाची वागणूक मिळाल्याचं सांगितलं. आणि कार्नेगी एंडोमेंट या संशोधन संस्थेची २०२१ ची पाहणी, जिच्यात जातीच्या भेदभावाचा अनुभव सांगणारे फारच थोडे निघाले. एका गटाने पहिला आकडा फलकावर लिहिला, दुसऱ्याने दुसरी पाहणी पत्रकात छापली.

मी धोरणात जात असावी या मताची आहे. तरीही वर्गात मी आधी पहिला आकडा तपासायला देईन. ती सुमारे दीड हजार जणांची ऑनलाइन प्रश्नावली होती, उत्तरं देणारे स्वतःहून आलेले किंवा ओळखीतून जोडलेले. अशा पाहणीतून अनुभव किती प्रकारचे आहेत ते कळतं, पण साऱ्या देशाची टक्केवारी त्यातून काढता येत नाही. '६७ टक्के दलितांवर अमेरिकेत अन्याय होतो' असं लिहिणारा निबंध मी परत करीन. मग दुसरी पाहणी. ती बाराशे भारतीय अमेरिकनांची, ऑनलाइन पॅनेलमधून निवडलेल्यांची, प्रातिनिधिक व्हावी म्हणून तोललेली. पण अमेरिकेत आलेल्या भारतीयांत दलित शेकडा एक-दोनच असतील, तर बाराशेंत ते बारा ते चोवीस भरणार. जातीची झळ ज्यांना बसते तेच इतके थोडे असताना 'फारच थोड्यांनी सांगितलं' यावरून 'भेदभाव नाही' असं म्हणणारा निबंधही मी परत करीन. हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून मुलांना लिहायला लावलं तर त्यांना जात समजेल आणि आकडेवारीही समजेल.

यावर आक्षेप येतो की आधीच ऐकून न घेतलेल्या माणसांकडून पुन्हा पुरावा मागणं म्हणजे जखमेवर मीठ. या आक्षेपाला वजन आहे. पुराव्याची मागणी आजवर गप्प करायला वापरली गेली आहे, आणि शिक्षकाने साक्षीला साक्ष म्हणून मान द्यायलाच हवा. पण शत्रू आकडा तपासणारच आहे. आपण न तपासता वापरला तर तो एक आकडा मोडून सगळी साक्ष खोटी पाडेल. ॲरिझोनाने २०१० मध्ये कायदा करून टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन अमेरिकन स्टडीजचा कार्यक्रम बंद पाडला. २०१७ मध्ये न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी ती कारवाई वंशद्वेषातून झाली असा निर्णय दिला. ताशिमा स्वतः लहानपणी जपानी वंशाच्या लोकांसाठीच्या छावणीत राहिलेले. त्या निर्णयाला भक्कम आधार मिळाला तो राज्याच्या शिक्षणप्रमुखाने टोपणनावाने लिहिलेल्या ऑनलाइन शेऱ्यांचा. टोपणनावामागचा माणूस शोधून काढणं आणि ते न्यायालयात टिकवणं, हेही माहिती साक्षरतेचंच काम.

दुसरा आक्षेप वेळेचा. पंधरा आठवड्यांत चारशे वर्षांचा इतिहास बसत नाही, त्यात हे कुठे? माझं उत्तर: इतिहास कमी करा. चार समाजांचा धावता आढावा घेण्यापेक्षा तीन कागदपत्रं नीट वाचलेली बरी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दहा इतिहासकार, पंचवीस विद्यार्थी आणि दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना काही संकेतस्थळं दाखवली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखणं बोधचिन्ह पाहून फसलेही. तपासनीस मात्र लगेच दुसरी टॅब उघडून ही संस्था कोण हे इतरत्र पाहू लागले. म्हणजे विद्वत्तेने हे आपोआप येत नाही, विषयतज्ज्ञ प्राध्यापकांनाही ते कुणाकडून तरी शिकावं लागेल. आज तर विद्यार्थी आधी चॅटबॉटला विचारतो. ज्या समाजांविषयी मुळात लिहिलंच कमी गेलं, त्यांच्याबद्दल तो जास्त आत्मविश्वासाने रचून सांगतो, पुस्तकांची नावंसुद्धा.

आणखी एक गोष्ट वर्गात शिकवावी लागेल: सगळं उघडून पाहायचा हक्क आपल्याला नसतो. मूलनिवासी समाजांच्या पवित्र विधींची छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं संग्रहालयांत पडून आहेत, बहुतेकदा परवानगी न घेता नेलेली. मूलनिवासी अभिलेखपालांनी २००६ मध्ये त्यासाठी आचारसंहिता तयार केली. अमेरिकन अभिलेखपालांच्या राष्ट्रीय संघटनेने ती मान्य करायला २०१८ उजाडलं.

मग प्रत्यक्षात काय करावं? ग्रंथपालाला सहशिक्षक म्हणून नेमावं, तेवढ्या तासांचं मानधन आणि गुण देण्याचा अधिकार द्यावा. निबंधाच्या गुणांपैकी निदान तिसरा हिस्सा शोधाच्या वहीला असावा: कोणता शब्द टाकला, काय हाती लागलं, काय लागलं नाही, मग कोणता शब्द बदलला, कुणाला फोन केला. न सापडल्याची नीट नोंद केली तर तिला पूर्ण गुण. घरची भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या भाषेतला एक तरी स्रोत वापरायला लावावा आणि त्याचा अनुवाद हा कोर्सचा भाग धरावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागितली. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या संग्रहात जपलेलं आहे आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. अर्पणपत्रिकेपासून त्या पत्रापर्यंतच्या मधल्या त्र्याहत्तर वर्षांचा माग मराठी वर्तमानपत्रांतून काढायचा तर तो मराठी वाचणाराच काढू शकतो. सॅन होजे किंवा फुलर्टनच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी नक्की बसलेला असेल. त्याला हे काम द्यायला शिक्षकाला त्याची भाषा येण्याची गरज नाही. त्याने मांडलेला शोध तपासायला वेळ हवा, आणि तो वेळ विद्यापीठाने पगारात मोजायला हवा.